पाणीवाली

"तुझं तोंड बंद ठेव की जरा!" रांगेतला एक जण ओरडला. "नळाला चहासारखं पाणी येतंय आणि ही बाई आम्हाला शिस्त शिकवतेय."

टेसा स्टिडम फक्त "एकामागं एक या" एवढंच म्हणाली होती. चर्चच्या आवारात पाण्याचा टँकर उभा होता. ती रबरी नळी एका कॅनमधून काढून दुसऱ्यात घालत होती.

कोळशाच्या खाणी बंद पडलेल्या त्या डोंगराळ गावात टेसा अकरा वर्षांनी परतली होती. ती अकरा वर्षं तिने सैन्यात पाणी शुद्ध करण्यात घालवली. इराकमध्ये नदीचं, हैतीत भूकंपानंतर डबक्याचं. भरती करणारा सार्जंट म्हणाला होता, "बाहेर पडलीस की गावोगाव तुला हात जोडून बोलावतील. पाणी कुणाला नको असतं?" गावच्या जलकेंद्रात मात्र तिला फरशी पुसायला आणि गाळ उपसायला ठेवलं. केंद्र चालवायचा परवाना हवा, तर केंद्रप्रमुख ड्वाइट कॉम्ब्सच्या हाताखाली वर्षभर राबायचं. त्याने सही केली तरच परीक्षा. ड्वाइट पहिल्याच दिवशी म्हणाला, "तुमचे तंबूतले खेळ इथं चालत नाहीत, पाणीवाली बाई." तेव्हापासून सगळे तिला पाणीवालीच म्हणत.

वर्ष सरत आलं होतं. आणि गावाला पाणी पुरवणारी मोठी वाहिनी फुटली.

"ए पोरी," ओपल बेगली रांगेत पुढे आली. सत्तरी ओलांडलेली, दोन्ही हातांत रिकामे कॅन. टेसाला ती लहानपणापासून ओळखत होती. पण त्या ओळखीचा आज चेहऱ्यावर मागमूस नव्हता. "नळाच्या पाण्यात नातीची दुधाची पावडर कालवू का? ड्वाइट तर म्हणतोय, रंग तेवढा वाईट, बाकी बिनधास्त प्या."

ड्वाइट पलीकडे गाडीला टेकून उभा होता. कालच टेसाने त्याला सांगितलं होतं, की गावाच्या खालच्या टोकाला क्लोरीन पोचतच नाही. "घबराट करू नकोस," तो म्हणाला होता, "सहीचं लक्षात आहे ना?" ती गप्प बसली होती. रात्रभर तिला झोप लागली नव्हती.

"नका कालवू, ओपलमावशी," टेसा म्हणाली. "उकळल्याशिवाय तोंडातसुद्धा घालू नका. कुणीच नका."

रांग एकदम भडकली.

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"कालपासून," ती म्हणाली.

"काल माझी पोरं तेच पाणी प्यायली! आज सांगतेस होय गं, भवाने?"

मान खाली घालून ती कॅन भरत राहिली. ड्वाइट तरातरा आला. मानेपर्यंत लाल.

"केंद्राच्या किल्ल्या दे आणि चालती हो. सैन्यात परत जा, नाहीतर नरकात जा. या खोऱ्यातल्या एकाही केंद्रात तुला कुणी उभं करणार नाही, बघतोच मी."

टेसाने किल्ल्या त्याच्या हातात ठेवल्या. "रांग संपली की जाते."

"आत्ता म्हटलं ना मी!"

"मग ही नळी तुम्ही धरा, ड्वाइट."

ड्वाइटने रांगेकडे पाहिलं. एव्हाना लोक त्याच्याही नावाने बोटं मोडत होते. तो गाडीत बसला आणि धूळ उडवत निघून गेला.

रांग हळूहळू सरली. आभार कुणीच मानले नाहीत. एकाने तर भरलेला कॅन उचलता उचलता तिच्या बुटांशेजारी थुंकी टाकली. शेवटी ओपलच परत आली, घरून आणखी दोन कॅन घेऊन.

"उद्या इथं कोण असेल?"

"माहीत नाही, मावशी."

"मग दोन्ही भर. माफबिफ केलंय असं समजू नकोस."

"नाही समजत."

पहिला कॅन भरला. दुसरा अर्धा होईतो धार करंगळीएवढी झाली, मग तुटली; टँकर रिकामा झाला होता. ओपल कमरेवर हात ठेवून बघत होती. टेसाने टँकरपाशी जाऊन नळीचं तिकडचं टोक सोडवलं, खांद्याच्या वर धरलं आणि नळी वीत वीत उचलत कॅनच्या दिशेने येऊ लागली. नळीत अडकलेलं पाणी थेंबाथेंबाने कॅनमध्ये पडत होतं.