नव्या दाराआडची जुनी चौकट

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. दार नव्हे, दाराची चौकट. कौतुक सगळे दाराचे होते. रंग त्याला, कडी त्याला, नावाची पाटीही त्यालाच. ते ज्या चौकटीच्या जिवावर उभे असते तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. याबद्दल मी कधी कुरकुर केली नाही. आज मात्र मी तुमच्याशी भिंतीच्या आतून बोलते आहे, आणि आज माझी तक्रार आहे.

मला घडवले तेव्हा या घरचे बाबा तरणेताठे बस ड्रायव्हर होते. सुताराने त्यांना विचारले, एवढी रुंद चौकट कशाला, घरात हत्ती बांधायचा आहे का? बाबा म्हणाले, दिवसभर अरुंद गल्ल्यांतून बस काढतो, निदान घरात तरी अंग चोरून शिरायला नको. म्हणून मी रुंद झाले. लोखंडी पट्ट्यांनी मला भिंतीत पक्के रोवले. माझ्यातून कपाटे आत आली, पलंग आला, लेक पाळण्यातली घरी आली. तिची आई शेवटची बाहेर गेली तीही माझ्यातूनच.

मग बाबांचे पाय गेले आणि घरात चाकांची खुर्ची आली. खुर्चीला आड येतो म्हणून लेकीने माझा उंबरठा कापून घेतला. मी हूं की चूं केले नाही. रोज संध्याकाळी बाबा स्वतःच्या हातांनी चाके फिरवत माझ्यातून ओसरीवर जायचे. दोन्हीकडे जागा अशी अचूक राखायचे की मला कधी खुर्चीचा ओरखडा उठला नाही. समोरच्या रस्त्यावरून बस जायची. नवे ड्रायव्हर त्यांना ओळखून हॉर्न द्यायचे आणि बाबा हात वर करायचे. त्यांच्या दिवसातले तेवढेच काय ते बाहेरचे जग होते.

यंदा खिडक्यांतून वारा यायला लागला आणि दाराची फळी वाकली. लेकीने सगळेच बदलायचे ठरवले. काम दिले ते शाळेत तिच्या वर्गात असलेल्या कंत्राटदाराला. तो तिला ताई म्हणायचा, बाबांना काका. चहा घेता घेता त्याने शब्द दिला की जुन्याचा एक तुकडासुद्धा भिंतीत ठेवणार नाही. ते ऐकून मला वाईट वाटले, पण ते रीतसर होते. आपले दिवस भरले की निघायचे असते.

खिडक्यांच्या चौकटी निघाल्या. माझी पाळी आली तेव्हा घोडे अडले. कारागिरांनी छिन्नी मारली, पहार लावली, मी हलेना. आपल्या पक्केपणाचा तेव्हा मला केवढा अभिमान वाटला! दुसरीकडचे काम खोळंबले होते, म्हणून कंत्राटदाराने घड्याळ पाहिले आणि लेक बाजारात गेली आहे याची खात्री करून घेतली. "हिच्यातच बसवा नवी," तो कारागिरांना म्हणाला, "वरून पट्ट्या मारल्या की कोणाच्या बापाला कळत नाही."

नवी पांढरी प्लॅस्टिकची चौकट त्यांनी माझ्या आत बसवली, फटीत फुगून घट्ट होणारा फेस भरला, दोन्ही बाजूंनी रुंद पट्ट्या चिकटवल्या. मी जिवंतपणी झाकली गेले. लेक परत आली तर अंगणात जुन्या लाकडाचा ढीग होता. त्यात मी नाही हे तिला कसे कळणार? तिने कंत्राटदाराचे तोंड भरून कौतुक केले.

संध्याकाळी बाबा निघाले आणि खुर्ची दारात अडकली. नव्या चौकटीने दोन्हीकडून जागा खाल्ली होती. त्यांनी पुन्हा जोर केला, तेव्हा बोटांची सालपटे निघाली. लेकीने कंत्राटदाराला बोलावले. त्याने ऐटीत टेप लावला आणि सांगितले की दार होते तेवढेच आहे, काकांचा अंदाज आता चुकतो, वयाप्रमाणे होते असे. जुने माप कोणी घेऊन ठेवलेच नव्हते.

"बाबा, जरा सरळ घ्या ना खुर्ची," लेक म्हणाली.

ज्या माणसाने आयुष्यभर कुणाच्या सायकलीलाही धक्का न लावता बस चालवली, त्याला हे ऐकावे लागले. बाबांनी खुर्ची मागे घेतली. परक्याने केसाने गळा कापला होता, त्याचे दुःख होतेच. पण लेकीने बापाचे सोडून त्याचे खरे मानले, हे त्यांना जास्त लागले. मला तर ओरडून सांगावेसे वाटत होते. तोंडावर पट्टी असताना ओरडणार कसे?

बाबांचे ओसरीवर येणे बंद झाले. काही दिवस बस हॉर्न देत गेल्या. मग त्यांनीही देणे सोडले.

परवा वायरमन दाराची बेल बसवायला आला. त्याने पट्टीत भोक पाडले तर लाकडाचा भुसा गळाला. तो सहज म्हणाला, आत जुनी चौकट तशीच आहे की. लेकीने स्वतःच्या हाताने पट्टी उचकटली आणि मी तिला दिसले. तिने आधी मला पाहिले, मग बाबांची बोटे पाहिली, आणि कंत्राटदाराला फोन लावला.

कंत्राटदार आला. लाज म्हणाल तर नखाएवढीही नाही.

"ताई, हिला काढायचं तर भिंत फुटणार. नवा रंग जाणार, दारही पुन्हा नीट बसेल याचा भरवसा नाही." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "आणि काकांना आता कुठे जायचंय?"

मी लेकीच्या तोंडाकडे पाहत राहिले. ती नव्या रंगाकडे पाहत होती.

"राहू दे," बाबा म्हणाले. "उगाच पसारा नको."

लेकीने सुटकेचा निःश्वास टाकला. कंत्राटदाराने तळहाताने पट्टी परत दाबून बसवली आणि मी पुन्हा अंधारात गेले.

मित्रांनो, त्याने फसवले ते मी एक वेळ गिळले असते. पण सगळे कळल्यावरही ज्यांनी मला झाकले, ती माझी माणसे होती. ज्या माणसाने मोकळे जाता यावे म्हणून मला रुंद केले, त्याचीच वाट आज मी अडवून उभी आहे. तुमच्या घरातले कोणी म्हातारे माणूस 'राहू दे' म्हणाले, तर लगेच मान डोलावू नका. त्यांच्याजवळ बसा आणि पुन्हा विचारा. बाबांना कोणी पुन्हा विचारले नाही. माझी काळजी करू नका, पहार आणा आणि मला फोडून काढा. बाबांना ओसरीपर्यंत जायचे आहे.