टाचणीबाईंच्या फळीवरची मारिया

मी एक जुनी लाकडी मूर्ती आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, मी पार वैतागले आहे. मूर्तीने कसे शांत आणि सोशिक असावे, अशी लोकांची अपेक्षा असते. चेहरा माझा शांतच आहे. पण तो सुताराने कोरला, त्यात माझे काही कर्तृत्व नाही.

येशूची आई मारिया, तिची मी वीतभर उंचीची मूर्ती. मी स्वतः मारिया नव्हे. हे कोणाला सांगावे लागू नये, पण माझ्या नशिबी जी माणसे आली, त्यांच्यापुढे हे ओरडून सांगायची वेळ माझ्यावर कितीदा तरी आली आणि मला ओरडता येत नाही. माझा जन्म टेबलांचे पाय घडवणाऱ्या सुताराकडे झाला. एक पाय आखूड भरला, तो जाळण्यापेक्षा त्याने त्यातून मला काढले. म्हणून माझी कंबर जरा जास्तच गोल आहे. अंगावरचा निळा रंग खिडक्या रंगवून उरलेला होता. पुढे एक बाई त्याला 'स्वर्गाचा रंग' म्हणू लागल्या.

मला विकत घेतले एका घड्याळजीने, नव्या बायकोला भेट द्यायला. बायको शिवणकाम करी. दिवसभर तिच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असत, म्हणून गल्लीतली पोरे तिला टाचणीबाई म्हणू लागली आणि हळूहळू थोरांच्याही तोंडी तेच नाव बसले. शिलाई मशीनच्या वर फळी ठोकून टाचणीबाईंनी मला तिथे उभे केले. एका बाजूला रिळे, दुसऱ्या बाजूला मापे घ्यायची टेप. जागा अडचणीची होती, पण माझी होती.

रोज संध्याकाळी सहाला नवराबायको जपमाळ म्हणत. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जपमाळेत 'नमो मारिया' ही लहानशी प्रार्थना पन्नासहून जास्त वेळा येते आणि तिचे दोन भाग असतात. पहिल्या भागात मारियेला नमस्कार करून तिला धन्य म्हणतात. दुसऱ्या भागात तिला विनवतात, की आम्हा पाप्यांसाठी, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी, देवाकडे विनंती कर. एकाने पहिला भाग म्हणायचा, दुसऱ्याने दुसरा. पहिला भाग घड्याळजी म्हणत. तेवढ्या वेळात टाचणीबाई तोंडातल्या टाचण्या काढून कापडात खोचत आणि मग आपला भाग म्हणत. चाळीस वर्षे हे असेच चालले. चाळीस वर्षांत टाचणीबाईंनी पहिला भाग एकदाही म्हटला नाही.

ते माझे सुखाचे दिवस होते. घड्याळजी गेले, तेव्हा पहिला भाग मुलगा म्हणू लागला. मुलगा जहाजावर मेकॅनिक. तो घरी असला की जपमाळ होई, नसला की टाचणीबाई नुसती माळ हातात घेऊन बसत. मग मुलाचे लग्न झाले आणि माझ्या सुखाला ग्रहण लागले.

सूनबाई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायच्या. मुलगी गुणी, सरळ आणि कामाला वाघ. पण त्या प्रोटेस्टंट पाळकाच्या, म्हणजे धर्मगुरूच्या कन्या. त्यांच्या घरी मूर्ती नाही, जपमाळ नाही, आणि देवाशिवाय कोणाची प्रार्थना नाही. पहिल्याच दिवशी त्या सासूला म्हणाल्या, "आई, मी तुमच्या मूर्तीला हात जोडणार नाही. पण फळी रोज पुसेन." टाचणीबाई म्हणाल्या, "बरं. रिळं मात्र रंगांप्रमाणे लाव." झाले, विषय संपला. सासूसुनेचे माझ्यावरून कधीच भांडण झाले नाही. भांडले ते पाहुणे.

एक होते सूनबाईंचे वडील, पाळकसाहेब. दुसरी टाचणीबाईंची धाकटी बहीण. सगळे तिला मावशी म्हणत. स्वर्गाचा रंग तो हिनेच शोधलेला. नळाला पाणी येईना, मावशी माझ्याकडे. किल्ली हरवली, मावशी माझ्याकडे. शेजाऱ्याचा कुत्रा भुंकायचा थांबेना, तरी मावशी माझ्याकडे. अहो, मी टेबलाचा पाय! मी कुत्र्याला काय सांगणार?

पाळकसाहेब दुसऱ्या टोकाचे. ते माझ्याकडे बघतच नसत. बघायचे टाळताना त्यांची मान अवघडून जाई. दोघे एकत्र आले की चहा निवेपर्यंत वाद ठरलेला.

"आईकडून सांगितलं की मुलगा नाही म्हणत नाही," मावशी म्हणे. "बायबलातल्या त्या लग्नात द्राक्षारस संपला, तेव्हा येशूला कोणी सांगितलं? आईनंच ना?"

"सांगितलं. आणि लगेच नोकरांना काय म्हणाली? 'तो सांगेल ते करा.' तो, मावशी! देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ एकच."

"मग तुम्ही तुमच्या चर्चच्या मंडळीला कशाला सांगता, माझ्या गुडघ्यासाठी प्रार्थना करा म्हणून?"

"मंडळी जिवंत आहे!"

"आणि ती स्वर्गात आहे ती काय मेलेली आहे?"

मित्रांनो, दोघांचेही म्हणणे मला पटे. पण दोघेही एकमेकांचे वाक्य पुरे होऊ देत नसत, आणि त्याने माझे डोके उठे.

हा त्रास चुकवायला घरात एक रीत पडली. पाळकसाहेब येणार असले की मला कपाटात ठेवायचे, मावशी येणार असली की बाहेर काढायचे. ही शक्कल मुलाची. मी काय चोरीचा माल आहे? पण विचारतो कोण.

एका रविवारी घोटाळा झाला. आपापल्या चर्चमधून दोघेही एकाच वेळी येऊन थडकले. मुलाने घाईघाईत मला उचलले, कपाट टाचणीबाईंच्या कापडांनी गच्च भरलेले, म्हणून समोर दिसलेल्या गाठोड्यात कोंबले. ते गाठोडे टाचणीबाईंनी शिवून ठेवलेल्या, बँडवाल्यांच्या गणवेशांचे होते. सोमवारी मुलगा जहाजावर गेला आणि मंगळवारी बँडवाले गाठोडे घेऊन गेले. तीन दिवस मी त्यांच्या तालमीच्या खोलीत मोठ्या ढोलावर उभी होते. त्या तीन दिवसांविषयी मी बोलणार नाही.

गुरुवारी सूनबाई मला शोधत आल्या आणि पिशवीत घालून घरी घेऊन गेल्या. घरी पोचलो तर टाचणीबाई मशीनशेजारी जमिनीवर पडलेल्या. मेंदूचा झटका होता.

दवाखान्यातून त्या परत आल्या, तेव्हा उजवा हात लुळा होता आणि वाचा गेली होती. सगळे समजे, पण शब्द सापडत नसे. पाणी हवे असले तरी नुसत्या मशीनकडे बोट दाखवत आणि मग आपलीच चूक कळून रडत. डॉक्टर म्हणाले, "त्यांना बोलतं करा. काहीही बोलू देत, पण बोलू देत. नाहीतर आहे तेही जाईल."

मावशीने सगळा ठपका सूनबाईंवर ठेवला. "मातेला घरातून घालवलंत, म्हणून ही वेळ आली! तू आलीस आणि फळी रिकामी झाली!" मला गाठोड्यात कोंबणारे हात नवऱ्याचे होते, हे सूनबाईंना ठाऊक होते, तरी त्यांनी त्याचे नाव घेतले नाही. मी ढोलावर उभी राहून कोणाला झटका देईन, मित्रांनो? आणि जिची मी मूर्ती, तिने आपल्या मुलाचे हाल डोळ्यांनी पाहिले. ती दुसऱ्या आईला असली शिक्षा देईल? राग आला मला. अजून येतो.

रोज सहा वाजले की टाचणीबाई डाव्या हातात माळ घेत, माझ्याकडे बघत आणि तोंड उघडत. आवाज निघत नसे. मग त्या मूठ उशीवर आपटत. मुलगा समुद्रावर, तिथे फोन धड लागत नसे. मावशी रविवारी येई आणि शेजारी बसून जपमाळ म्हणे, पण पहिला भागही तीच, दुसराही तीच, एका दमात. टाचणीबाईंचे ओठ हलू लागेपर्यंत मावशी पुढच्या मण्यावर गेलेली असे.

"तू म्हण ना रोज संध्याकाळी तिच्याजवळ," मावशी सूनबाईंना म्हणाली. "तुझं काय जातं?"

"माझं जातं, मावशी," सूनबाई म्हणाल्या. "जे मनापासून म्हणता येत नाही, ते मी देवासमोर म्हणणार नाही."

हट्टी म्हणाल तुम्ही. मीही म्हटले, मनातल्या मनात. पण खोटी मात्र नव्हती ती बाई.

सूनबाई संध्याकाळी सासूच्या खाटेजवळ बसून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मोठ्याने वाचत. एका संध्याकाळी वाचता वाचता देवदूत मारियेकडे येतो, तो भाग आला. देवदूताने तिला केलेला नमस्कार त्यांनी वाचला, पुढे तिच्या नातेवाईक बाईने तिला धन्य म्हटले तेही वाचले, आणि चष्मा पुसायला थांबल्या.

आणि खाटेवरून आवाज आला. घोगरा, पण स्पष्ट, एकही शब्द न अडखळता. "हे पवित्र मारिये, देवाच्या माते, आम्हा पाप्यांसाठी, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी, विनंती कर. आमेन."

सूनबाईंच्या हातातला चष्मा खाली पडला. चाळीस वर्षे टाचणीबाई ज्या भागाला उत्तर देत आल्या, तो भाग कानावर पडताच उत्तर आपोआप बाहेर आले होते. सूनबाईंनी चष्मा उचलला आणि तीच वचने पुन्हा वाचली. पुन्हा उत्तर आले. टाचणीबाई हसत होत्या आणि रडतही होत्या.

सूनबाई नंबरात पावाची चूक असली तरी चष्मा परत पाठवणाऱ्या. त्यांनी जपमाळेचे पुस्तक काढून पहिला भाग शास्त्राशी ताडून पाहिला. मारिया आणि येशू ही नावे तेवढी वरून घातलेली, बाकी सगळे शास्त्रातले. दुसरा भाग मात्र माणसांनी रचलेला. त्यांनी पुस्तक मिटले आणि सासूला म्हणाल्या, "आई, पहिला भाग मी म्हणेन. ते शास्त्रातलं वचन आहे. दुसरा तुमचा. तो मी म्हणणार नाही, पण ऐकेन." टाचणीबाईंनी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सहाला पहिला भाग सून म्हणू लागली आणि दुसरा सासू. पंधरा दिवसांत टाचणीबाईंना 'पाणी' म्हणता येऊ लागले. महिन्याभरात 'दोरा'.

तुम्हाला वाटेल, सगळे खूश झाले. छे! मावशी म्हणाली, "मनात भक्ती नाही, नुसती तोंडाची वाफ. माता असली प्रार्थना घेत नाही." हे ठरवणारी ही कोण? पाळकसाहेब तर हादरलेच.

"वचन आहे तर एकदा वाच. पन्नास वेळा कशाला? ही पोपटपंची आपल्यात नाही."

सूनबाई म्हणाल्या, "बाबा, मी एकदा वाचलं तर आई एकदा बोलतात. पन्नासदा वाचलं तर पन्नासदा बोलतात."

पाळकसाहेबांनी टोपी उचलली आणि ते घरी गेले.

चार महिने असे गेले आणि टाचणीबाईंना दुसरा झटका आला. या वेळी 'पाणी' गेले, 'दोरा' गेला, सगळेच गेले. नजर तेवढी जागी राहिली. डॉक्टरांनी खांदे उडवले. पुढच्या रविवारी दुपारी मावशी खाटेच्या एका बाजूला बसली, पाळकसाहेब दुसऱ्या बाजूला. मला कपाटात घालायचे कोणाला सुचले नाही. सूनबाईंनी टाचणीबाईंच्या डाव्या हातात माळ दिली, घड्याळात दोनच वाजले होते तरी, आणि पहिला भाग म्हटला.

उत्तर आले नाही.

मावशीने लगेच तोंड उघडले. "हे पवित्र मारि—"

"थांबा, मावशी," सूनबाई म्हणाल्या. "तो आईंचा भाग आहे."

"अगं, तिला येत नाहीये आता! कोणीतरी म्हणायला नको?"

"त्यांचा आहे तो. मी म्हणणार नाही आणि तुम्हीही म्हणायचा नाही."

सूनबाई गप्प राहिल्या. तो भाग म्हणायला टाचणीबाईंना जेवढा वेळ लागत असे, तेवढाच वेळ. मग माळेचा मणी पुढे सरकवला आणि पहिला भाग पुन्हा म्हटला. पुन्हा तेवढाच वेळ गप्प. दहा मणी झाले, वीस झाले. मावशी पदर तोंडाला लावून बसली. पाळकसाहेबांनी एकदा घसा खाकरला, मग तेही गप्प झाले. त्या खोलीत ते दोघे एवढा वेळ न बोलता बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

चौतिसाव्या मण्याला टाचणीबाईंचे ओठ हलले. "आता," त्या म्हणाल्या. एवढेच. एकच शब्द.

"म्हणाली!" मावशी उठून उभी राहिली. "आता आणि आमच्या मरणाच्या वेळी! मातेनं ऐकलं!"

"तहान लागली असेल त्यांना," पाळकसाहेब म्हणाले. "आता पाणी द्या, असं म्हणायचं असेल. उगाच काहीतरी अर्थ लावू नका."

"तुम्हाला काय कळतं हो—"

"दोघंही गप्प बसा!" सूनबाई ओरडल्या. उभ्या जन्मात त्या बापावर कधी ओरडल्या नव्हत्या. मग त्यांनी सासूच्या ओठांना पाण्याचा चमचा लावला. त्या प्यायल्या नाहीत. सूनबाईंनी चमचा बाजूला ठेवला, पस्तिसावा मणी धरला आणि पहिला भाग म्हटला, आणि थांबल्या.

मित्रांनो, माझ्यापुढे हात जोडायचे असतील तर जोडा, नसतील जोडायचे तर नका जोडू. मी लाकूड आहे, मला वाईट वाटत नाही. भांडायचे असेल तर माझ्यावरून खुशाल भांडा. पण समोरच्याचा भाग आला की तुम्ही गप्प राहा, कितीही वेळ लागला तरी. टाचणीबाई अजून त्या एका शब्दापुढे गेलेल्या नाहीत. सूनबाई रोज संध्याकाळी थांबतात.