हिरव्या बांगड्यांचा सीन

दृश्य. अंगण, सकाळ.

आमगावजवळच्या एका गावात धुरपताबाई उकडलेलं धान उन्हात पसरत होत्या. तेवढ्यात दिराची मुलगी रीना मोबाईल नाचवत आली.

"मोठीमाय, पाह्य! रेणूताईची मालिका!"

धुरपताबाईंनी पदराला हात पुसले. लहानशा पडद्यावर त्यांची मुलगी पांढऱ्या साडीत बसली होती. मालिका कॅनडातली. भाषा कळत नव्हती, हात कळत होते. रेणूने दगड उचलला आणि मनगटावरच्या हिरव्या बांगड्या एकेक करून फोडल्या. डोळे उघडे. तोंडातून हूं की चूं नाही.

"दुखलं असन का वो तिले?"

"तोंडावर दिसते का काही?"

"नाई दिसत," धुरपताबाई म्हणाल्या. आवाजात कौतुक होतं.

खाटेवरून रेणूचे वडील मनिराम ओरडले, "नवरा जिता अन् पोरगी बांगड्या फोडून राहिली! तू हासतेस काऊन?"

"नाटक होय ना जी ते."

मनिराम उठून बसले. मग चष्मा शोधत म्हणाले, "आण मंग इकडे. पाहू दे मले बी."

मागचं दृश्य. घाईत.

रेणूचं शाळेतलं गॅदरिंग. नागपूरची नाटकं. लग्न, आणि हिमांशूबरोबर टोरंटो. तिथे रेणूला भूमिका मिळाल्या: दुकानातली बाई, इस्पितळात फरशी पुसणारी बाई, बॉम्ब ठेवणाऱ्याची बाई. बहुतेकींना नाव नव्हतं. बोलणं अजून थोडं भारतीय करा, असं तिला सांगत. ती करायची.

मग ही विधवा आली. हिला नाव होतं. दिग्दर्शकाने विचारलं, तुमच्याकडे हे नेमकं कसं करतात?

रेणूला माहीत होतं. लहानपणी तिने दाराआडून जमुनाआत्याच्या बांगड्या फुटताना पाहिल्या होत्या. आत्या गुरासारखी ओरडली होती. ते ओरडणं रेणूने सीनमधून काढून टाकलं. मुकी विधवा पडद्यावर जास्त शोभेल, असं तिला वाटलं. शोभली. त्या सीनसाठी तिला पुरस्कार मिळाला.

जमुनाआत्याला कोणी कळवलं नाही. नवरा गेल्यापासून ती भावाकडे, मनिरामांकडेच राहत होती. हळदीकुंकवाचंही तिला कोणी कळवत नसे.

दृश्य. नदीचा घाट, दहावा.

मनिराम धानाच्या बांधावर बसले ते उठलेच नाहीत. रेणू विमानाने आली, तोवर राख थंड झाली होती.

घाटावर रीत ठरलेली. नव्या विधवेच्या बांगड्या जुन्या विधवेने फोडायच्या. सवाष्णींनी, पोरींनी तोंड फिरवून बसायचं. दगड जमुनाआत्याच्या हातात दिला होता.

रेणू मध्ये उभी राहिली. "कोणी हात लावायचा नाही. माझ्या आईच्या बांगड्या फुटणार नाहीत."

"काऊन वो?" रीनाची आई, सुशिलाबाई, पाठमोरीच म्हणाली. "तिकडे टाळ्या घेऊन फोडतेस, अन् इथं चालत नाई? साऱ्या गावानं पाह्यलं मोबाईलवर."

पाठमोऱ्या बायका हसल्या.

"काकू, ते वाईट आहे म्हणूनच मी दाखवलं!"

"वाईट होय तं इतकं सुंदर काऊन दिसत होतं, पोरी?"

हे जमुनाआत्याने विचारलं. हळू. रागावून नाही.

"माहाच होता नं तो सीन? मी ओळखलो. पण मी तं बोंबललो होतो. ते कुठं गेलं?"

रेणूने तिच्या हातातल्या दगडाकडे पाहिलं.

आत्याने दगड खाली ठेवला. "मी नाई फोडत वहिनीच्या. माह्या फोडल्या तेवढं पुरे झालं."

"मंग कोण फोडन? मेलेल्याच्या जिवाले शांती नाई भेटाची!" सुशिलाबाई कडाडली. बायकांचा गलका उठला. त्या गलक्यात धुरपताबाईंनी दगड उचलला.

"भांडू नोका. मले येते. मी पाह्यलं आहे."

डोळे उघडे. तोंडातून हूं की चूं नाही. एक घाव. दुसरा. काच मनगटात शिरली. ओल्या पायरीवर तांबडं पसरत गेलं, तरी त्या फोडत राहिल्या. रेणूने झडप घालून हात धरला, तेव्हा मनगटावर एकही बांगडी उरली नव्हती.

धुरपताबाईंनी लेकीकडे पाहिलं.

"रेणू, तुले तं दुखलं नवतं."

रेणू ओढणी जखमेवर दाबत होती. ओढणी भिजत होती.

"माय, त्या साखरेच्या होत्या."

"काय?"

"खोट्या. शूटिंगसाठी साखरेची काच बनवतात. लागत नाही."

"साखरेच्या," धुरपताबाई म्हणाल्या.

आणि मग त्या ओरडल्या. आत्या त्यांना मिठी मारून ओरडली. कधीतरी दाराआड ऐकलेला, टोरंटोत कापून टाकलेला तो आवाज घाटावर परत आला. रेणू त्याच्याखाली बसून राहिली. पडद्यावर पुन्हा असं गप्प बसून बांगड्या फोडणार नाही, एवढंच तिला त्या क्षणी ठरवता आलं.

सवाष्णी पाठमोऱ्याच होत्या. एकही वळली नाही.

रीना वळली.

"रीने, तिकडे पाहू नोको!" सुशिलाबाईने तिचा दंड ओढला. "तुह्यं लगन व्हाचं आहे अजून!"

रीनाने दंड सोडवला.

"म्हणूनच," ती म्हणाली. "पाहू दे मले बी."