शेठचं पथ्य

मित्रांनो, पाट म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे जेवायला बसायचा पाट येईल. मीही पाटच, जुना आणि कडेला झिजलेला. फरक एवढाच की माझ्याखाली चार लोखंडी चाकं आहेत, आणि गेली बावीस वर्षं माझ्यावर एकच बाई बसते. तिचं नाव चंद्रिका. आम्ही चिंचणीला राहतो, समुद्राकडे जाणाऱ्या गल्लीत, जिथे रस्ता संपून वाळू सुरू होते.

माझं लाकूड होडीचं आहे. चंद्रिकाच्या वडिलांची होडी म्हातारी झाली आणि तोडली, तेव्हा तिच्यातली एक चांगली फळी त्यांनी बाजूला काढून ठेवली. सुताराने ती कापली, कडा गोल केल्या. चाकं म्हणजे कारखान्याच्या भंगारातून आणलेल्या बेरिंगा. त्या वडिलांनी स्वतः ठोकल्या आणि मला चंद्रिकापुढे सरकवून म्हणाले, "घे. समुद्रात चाललेलं लाकूड आहे, घरात चालायला काय होतंय?"

चंद्रिकाला लहानपणी पोलिओ झाला होता. तेव्हापासून तिच्या दोन्ही पायांत बळ नाही. ती पाय दुमडून माझ्यावर बसते, हातांत दोन लाकडी ठोकळे धरते आणि जमीन मागे ढकलते. मग मी खरर्र करत पुढे जातो. झाडलोट, स्वयंपाक, अंगणात बोंबील वाळत घालणं, कावळे हाकलणं, सगळं आम्ही दोघं मिळून करतो. घराच्या पुढच्या खोलीत तिचं सुक्या मासळीचं दुकान आहे. जवळा, बोंबील, खारा बांगडा.

वडील गेल्यावर चंद्रिकाने घर नव्याने बांधून घेतलं. गवंड्याला एकच गोष्ट सांगितली, "जे बसवशील ते माझ्या हाताला लागेल असं बसव."

"ताई, दिव्याची बटणं एवढी खाली? लोकं हसतील."

"हसू दे. वाकून हसावं लागेल त्यांना."

म्हणून आमच्या घरात सगळं खाली आहे. ओटा खाली, नळ खाली, मासळीच्या टोपल्यांच्या फळ्या खाली. जुन्या भिंतीवरची एक उंच फळी तेवढी राहिली होती. तिच्यावर धूळ असायची आणि एक फुटकी बरणी.

मध्ये एका शिबिरात चंद्रिकाला चाकांची खुर्ची मिळाली. फोटो काढले, हार घातला. पाच महिने मी कॉटखाली पडून होतो. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. पण खुर्ची वाळूत रुतायची आणि तिच्यात बसलं की चंद्रिकाचे हात टोपल्यांना लागायचे नाहीत. एक दिवस तिने मला बाहेर ओढलं, बेरिंगांत खोबरेल तेल घातलं आणि म्हणाली, "चल बाबा, कामाला लाग." खुर्चीवर आता पापड वाळतात.

नऊ वर्षांपूर्वी जवळ्याच्या रिकाम्या टोपलीत एक पिल्लू सापडलं. पिवळं, पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. ते दुकानाच्या उंबऱ्यावर असं बसायचं की जणू गल्ला त्याचाच. गिऱ्हाइकं म्हणू लागली, "शेठ, भाव जरा कमी करा ना." तेच नाव पडलं. शेठचा बोका झाला, पण ऐट तीच राहिली.

चंद्रिकाचा त्याच्यावर एवढा जीव का, ते मला ठाऊक आहे, कारण मी जमिनीपासून चार बोटांवर राहतो. माणसं चंद्रिकाशी बोलताना वरून बोलतात. ती मान वर करून उत्तर देते, संध्याकाळी मान धरते. शेठ मात्र समोर येऊन बसला की दोघांचे डोळे सरळ एका रेषेत. तो बघायचा, ती बघायची. "काय शेठ, धंदा कसा?" असं ती विचारायची, आणि तो एक डोळा मिटायचा. मग ती त्याला बांगड्याचा तुकडा मोडून द्यायची. नऊ वर्षं रोज.

गेल्या दिवाळीनंतर शेठ पाण्याच्या भांड्यापाशीच बसून राहू लागला. पाणी पी, बाहेर जा, परत पाणी पी. पाठीचं हाड हाताला लागू लागलं. मग उलट्या सुरू झाल्या. चंद्रिकाने दिपकची रिक्षा बोलावली. शेठ पिशवीत, चंद्रिका सीटवर, मी तिच्या पायांशी, असे आम्ही डहाणूला जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो.

तिथे गंजाड गावचे देवजीबाबा शेळी घेऊन बसले होते. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं.

"मांजर? मांजरालाही डॉक्टर लागतो? दूध देतं का ते?"

"देत नाही बाबा," चंद्रिका म्हणाली, "पितं."

शेळी सोडून सगळे हसले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी शेठचं रक्त तपासलं, आणि मग एक चांगली गोष्ट केली. त्या खाली, चंद्रिकासमोर फरशीवर बसल्या.

"किडन्या थकल्यात याच्या. पूर्ण बऱ्या होणार नाहीत. पण सांभाळलंत तर वर्ष, दोन वर्षं आरामात काढेल. काय खातो?"

चंद्रिकाने सांगितलं.

"रोज? नऊ वर्षं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजपासून सुकी मासळी बंद. मीठ अजिबात नाही. ताजी मासळी, नुसत्या पाण्यात उकडलेली. खारा बांगडा आता याच्यासाठी विष आहे, ताई."

परत येताना चंद्रिका रस्ताभर पिशवीत हात घालून बसली होती. दिपकने विचारलं तेव्हा म्हणाली, "मीच दिलं रे. माझ्या हाताने दिलं."

मित्रांनो, मीठ मलाही मानवत नाही. खारं पाणी बेरिंगांत गेलं की गंज चढतो. पण मला तेल घालता येतं. शेठला कुठून घालणार?

आता अडचण ऐका. अख्खं घर मासळीचं आणि सगळ्या टोपल्या खाली. शेठ थकला होता, पण नाक थकलं नव्हतं. चंद्रिकाने मासळी झाकणाच्या डब्यांत भरली, तर समुद्राच्या हवेने आत घाम धरला आणि सगळ्या जवळ्याला बुरशी आली. शेजारच्या सुदामने वाशाला कप्पी बसवून दोरीवर टोपली टांगून दिली. पण कप्पी कुरकुरली की शेठ खाली तोंड वर करून हजर. चंद्रिकाचा एक हात दोरीला, दुसरा टोपलीला. शेठला हटवायला तिसरा हात कुठून आणायचा?

उरली ती उंच फळी. तिथवर उडी मारण्याएवढं बळ शेठच्या पायांत राहिलं नव्हतं. आणि चंद्रिकाचा हातही तिथवर पोचत नव्हता. जिथे तो पोचायचा नाही, तिथे तीही पोचायची नाही.

सुदामची बायको सोनीबाई रोज सकाळी यायची, टोपल्या वर चढवायची. गिऱ्हाईक आलं की चंद्रिका हाक मारायची, "काकी!" सोनीबाई भाकरीच्या पिठाचे हात घेऊन धावत यायची, टोपली काढायची, ठेवायची. पहिल्या दिवशी सहा हाका झाल्या. दुसऱ्या दिवशी तीन. चौथ्या दिवशी चंद्रिकाने एकच हाक मारली, आणि दोन गिऱ्हाइकांना "बांगडा संपला" म्हणून सांगितलं. टोपली भरलेली होती. मी खालून बघत होतो.

मग तो दिवस आला. सोनीबाई बाजाराला गेली होती. एक उंच बाई बांगडा मागायला आली. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "राहू द्या ताई, मीच काढते."

"तुम्ही बसा," चंद्रिका म्हणाली. "दुकान माझं आहे."

तिने कावळे हाकलायची काठी घेतली, माझ्यावर ताठ बसून ती टोपलीच्या काठात अडकवली आणि ओढली. मित्रांनो, मला ब्रेक नाही. तिने पुढे ओढलं आणि मी मागे सटकलो. चंद्रिका खाली, टोपली खाली, खोलीभर बांगडा. मी घरंगळत दारापाशी.

बाई चंद्रिकाला उचलायला धावली.

"मला सोडा!" चंद्रिका ओरडली. "त्याला धरा! त्याला!"

"अहो ताई, पण तुम्हाला लागलं..."

"मला काही झालं नाही हो! बोका! बोका धरा!"

बाईला कळेना. ती चंद्रिकाच्या काखेत हात घालून तिला ओढतच राहिली. तोवर शेठने कॉटखाली बसून एक अख्खा बांगडा संपवला. महिनाभर उपाशी ठेवल्यासारखा तो खात होता. मी दाराशी उलटा पडलो होतो, चाकं हवेत गरगरत होती.

दुसऱ्या दिवशी शेठ उठला नाही. तोंडाला फेस, मागचे पाय लटपटत. पुन्हा दिपकची रिक्षा, पुन्हा डहाणू. डॉक्टरीणबाईंनी कातडीखाली सलाईन दिलं, सुई कशी टोचायची ते चंद्रिकाला शिकवलं, आणि चार दिवसांच्या बाटल्या दिल्या. "बाटली उंच धरायची," त्या म्हणाल्या. "नाहीतर थेंब उतरणार नाही. चार दिवसांत खाल्लं तर वाचला."

आता उंच धरायला कोण? पहिल्या सकाळी चंद्रिकाने शेठला मांडीवर घेतलं, बाटली आपल्या डोक्यावर धरली आणि दुसऱ्या हाताने सुई टोचायला गेली. सुई बोटात गेली. तिने बाटली खाली ठेवली. मग दाराकडे तोंड करून तिने हाक मारली. आवाज फार लहान होता, पण सोनीबाई आली.

ती बाटली धरून उभी राहिली. चंद्रिका माझ्यावर, शेठ तिच्या मांडीवर, तिच्या लुगड्यात गुंडाळलेला.

"किती वेळ गो?"

"दहा मिनिटं."

"माझा हात पडंल." सोनीबाईने हात बदलला. "त्या दिवशी त्या बाईने काढते म्हटलं, तर तू तिला 'बसा' म्हणालीस. गावभर झालंय."

"होऊ दे."

"दुकान तुझं आहे म्हणालीस. बरोबर आहे, तुझंच आहे. मग?"

थेंब उतरत होते.

"दिवसातून दहादा कुणाला हाका मारायच्या काकी? तुम्हाला तुमचं काम नाही?"

"आहे की. ते टाकून तुझ्याकडं येते रोज संध्याकाळी सुईत दोरा ओवून घ्यायला. मला दिसत नाही, तुला दिसतं. आमच्या ह्यांचं औषधाचं पाकीट तूच वाचतेस. तेव्हा मी कधी लाजले? उलट बसून चहा पिऊन जाते."

"दोन वेळा पिता."

"दोन वेळा पिते. किती राहिलं?"

"अर्धं."

"आई गं."

आणि दोघी हसल्या. शेठच्या अंगाला ते हसणं लागलं असावं, कारण त्याने कान हलवला.

तीन दिवस त्याने काही खाल्लं नाही. चंद्रिका ताजी मांदेली उकडायची, काटे काढायची, त्याच्यापुढे ठेवायची. तो तोंड फिरवायचा, अपमान झाल्यासारखा. चौथ्या दिवशी दुपारी ती माझ्यावरून उतरून फरशीवरच आडवी झाली, गाल जमिनीला लावून, नाक त्याच्या नाकासमोर. एक मांदेली स्वतःच्या तोंडात टाकली.

"अगदी बेचव आहे," ती त्याला म्हणाली. "खोटं नाही बोलत शेठ. पण मी खाल्ली. आता तू."

तिने बोटावर कण घेतला. शेठने तो हुंगला. बराच वेळ हुंगला. मग जीभ बाहेर आली.

मित्रांनो, त्याला चार महिने झाले. शेठ अजून रोज मांदेली पाहून आधी तोंड वाकडं करतो आणि मग खातो. गोळी भरवताना चंद्रिकाला ओरबाडतो. किती दिवस राहील, ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नाही. बांगडा अजून त्या उंच फळीवरच आहे.

मी म्हातारा लाकडाचा तुकडा, मला उपदेश करता येत नाही. पण खालून जेवढं दिसतं तेवढं सांगतो. तुमचा हात जिथे पोचतो तिथे दुसऱ्याचा पोचत नसेल, तर न विचारता त्याला काखेत धरून उचलू नका. तो काय म्हणतोय ते आधी ऐका. त्याने टोपली मागितली तर टोपली द्या. बोका धरा म्हणाला तर बोका धरा. आणि तुमचा हात कुठे पोचत नसेल, तर मोठ्याने हाक मारा. आमच्या घरी ते शिकायला बावीस वर्षं लागली.

आज सकाळचीच गोष्ट. सोनीबाई घरी नव्हती. शेठ औषध घेऊन चंद्रिकाच्या मांडीवर गाढ झोपला होता, घोरत होता. दारात एक अनोळखी माणूस येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता ती ठोकळे उचलेल आणि मला ढकलेल. तिने ठोकळे उचलले नाहीत.

"बांगडा पाहिजे?" ती हळू आवाजात म्हणाली. "या, आत या. वरच्या फळीवरची टोपली तुम्हीच काढा, हवे ते निवडा. मला उठवू नका, शेठ झोपलेत."