तेहेतीस सालची पेनी

नवरा गेल्यापासून मँचेस्टरजवळच्या ब्रॅकनशॉ गावातला ‘प्लाऊ’ हा पब मी एकटीच चालवते. त्या काळी आमच्या काउंटरवर पेन्यांचा मनोरा उभा होता. जुनी पेनी म्हणजे चांगली बिस्किटाएवढी, खिसा फाडणारी. गिऱ्हाइकानं उरलेली पेनी मनोऱ्यावर ठेवायची, चिकटावी म्हणून खाली काळ्या बिअरचा थेंब सोडायचा. मनोरा छातीपर्यंत आला की पाडायचा आणि पैसे गावच्या बँडला द्यायचे, असं ठरलं होतं.

मग एकाहत्तर साल उजाडलं आणि सरकारनं नवे पैसे आणले. बारा पेन्यांचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पाउंड, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यायलेलो. आता म्हणे पाउंडाच्या शंभरच पेन्या.

“दोनशे चाळीसच्या शंभर केल्या,” आमोस ग्रीनहाल्ग म्हणाला, “मग एकशे चाळीस गेल्या कुणाच्या खिशात?”

आमोस डुकराच्या मांसाचा दुकानदार. त्याचं हॅम, म्हणजे खारवलेली डुकराची मांडी, घ्यायला लोक दोन गावं ओलांडून येत. काउंटरच्या दुसऱ्या टोकाला बसायचा विल्फ टॅटरसॉल, त्याच्या बहिणीचा नवरा. दोघांचा अबोला होता. बहीण आयव्ही वारली तेव्हा दफनानंतर विल्फनं लोकांना चहाबरोबर हॅम दिलं नाही, डब्यातलं वाटलेलं मांस दिलं. तेही दुसऱ्या खाटकाकडून आणलेलं. आमच्याकडे माणसाची पाठवणी हॅमनं होते. आमोसनं बशी खाली ठेवली आणि तो निघून गेला, तेव्हापासून एक शब्द नाही.

एका संध्याकाळी विल्फ पेपर वाचता वाचता पांढराफटक पडला.

“हिल्डा, इथं लिहिलंय, तेहेतीस सालच्या पेन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच पाडल्या. एकेकीला हजारो पाउंड येतात.”

“मग?”

“अगं, आयव्हीच्या काकांनी दिलेली एक आमच्याकडे होती! चहाच्या डब्यात. आणि तो डबा मी नाताळात इथंच मनोऱ्यावर रिकामा केला.”

सगळ्यांच्या माना मनोऱ्याकडे वळल्या. आमोस गरजला, पण माझ्याकडे बघून, “हिल्डा, त्या माणसाला सांग, काका माझे होते. पेनी आमच्या घराण्याची आहे.”

“त्या माणसाला सांग,” विल्फ म्हणाला, “डबा माझा होता.”

झालं! दुसऱ्या दिवसापासून दोघं पब उघडताच यायचे आणि मनोऱ्याच्या दोन बाजूंना द्वारपालांसारखे बसायचे. बघायला अख्खा गाव लोटला. मी तक्रार करणार नाही, बिअर खूप खपली. पण लोक सुऱ्या घेऊन पेन्यांच्या फटीत डोकावायला लागले, तेव्हा मी जाहीर केलं, शनिवारी मनोरा पाडायचा. पेनी निघाली तर अर्धी बँडची, उरलेल्या अर्ध्याची भांडणं बाहेर जाऊन करा.

शनिवारी बँडमास्तर गणवेश घालून आला. त्यानं बोटानं ढकललं. मग हातानं. मग खांद्यानं. मनोरा हलेना. दोन वर्षांची बिअर सिमेंटसारखी घट्ट झाली होती. शेवटी आमोसनं दुकानातून हाडं फोडायचा हातोडा आणला, तेव्हा मनोरा कोसळला, तोही विटा पडाव्यात तसा ढेकळाढेकळांनी.

ती ढेकळं मी वर माझ्या न्हाणीच्या टबात गरम पाण्यात सोडा टाकून भिजवली. टबाच्या एका बाजूला विल्फ गुडघ्यांवर, दुसऱ्या बाजूला आमोस, हातात माझे नखं घासायचे ब्रश.

“हिल्डा, त्याला सांग, सोडा सरकव.”

“मी खाली चालले,” मी म्हटलं. “खाली गिऱ्हाईक ताटकळलंय. एकमेकांशी बोला, नाहीतर भिंतीशी बोला.”

बराच वेळ वरून नुसती ब्रश घासल्याची खसखस ऐकू येत होती. मग एकदम आरडाओरडा. मी धावत वर गेले, तर दोघं ओलेचिंब, एकमेकांच्या गळ्यात!

“तेहेतीस!” विल्फ ओरडला.

मी पेनी खिडकीशी नेली. “अरे, हा आठ आहे. अडतीस. झिजलाय नुसता.”

“चष्मा बदल, बाई,” आमोस म्हणाला.

“आधीपासूनच तिची नजर अधू आहे,” विल्फनं साथ दिली.

सोमवारी दोघं सूट घालून बसनं मँचेस्टरला गेले. तिथल्या जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्यानं भिंग लावलं.

“अडतीस सालची,” तो म्हणाला. “किंमत एक पेनी. तीही ऑगस्टपर्यंतच, मग जुन्या पेन्या बंद.”

दोघांनी परतीची बस धरली. मग विल्फ म्हणाला, “आयव्हीनंच बजावलं होतं, माझ्यामागे हॅम करू नकोस म्हणून. खाटकाच्या घरात जन्मली, जन्मभर तेच खाल्लं. शेवटी तिला वास सहन होत नव्हता. तुला कसं सांगणार? तुला लागलं असतं.”

आमोसनं तोंड खिडकीकडे फिरवलं. मग त्याचे खांदे हलायला लागले. विल्फ घाबरला, पण आमोस हसत होता.

“लहानपणी ती ताटातलं हॅम माझ्या ताटात ढकलायची,” तो डोळे पुसत म्हणाला. “मला वाटायचं, किती माया करते.”

एवढ्यात कंडक्टर आला. विल्फनं सहा जुन्या पेन्या पुढे केल्या. कंडक्टर म्हणाला, भाडं आता तीन नव्या पेन्या.

“म्हणजे जुन्या किती?”

“सात आणि पेनीचा एक पंचमांश.”

आमोस उठून उभा राहिला. “तो पंचमांश दाखव मला. तू दाखव, लगेच देतो!”

“तो दाखवेपर्यंत आम्ही सहाच देणार,” विल्फ म्हणाला.

कंडक्टरनं दोघांना पुलापाशी उतरवलं. तिथून ते चालत आले, सूट चिखलात माखलेले, आणि आल्या आल्या माझ्या काउंटरशी शेजारी शेजारी बसून बिअर मागितली. दोघं एकाच वेळी बोलत होते, त्यामुळे मला अर्धंच कळलं. कंडक्टर गाढव होता, याबद्दल मात्र त्यांच्यात दुमत नव्हतं.