पाचवी रचना

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती एकवीस वर्षं भिंगं घासत होती, आणि त्याहून जास्त वर्षं जॅझ गिटार वाजवत होती. पहिला अल्बम निघाला तेव्हा तिने वयाची सत्तेचाळीस वर्षं ओलांडली होती. सात रचना, सगळ्या तिच्याच. बासवर धाकटा दीर, ड्रम्सवर त्याचा मित्र. एका शाळेच्या रिकाम्या सभागृहात दोन दिवसांत ध्वनिमुद्रण उरकलं होतं.

पहिल्या परीक्षणाने 'आल्हाददायक' म्हणून चार ओळींत बोळवण केली. दुसऱ्याने तिच्या वयाचं आणि भिंगांचं तोंडभर कौतुक केलं, वाजवण्याबद्दल अवाक्षर नाही. तिने हसण्यावारी नेलं, पण मनातून खट्टू झाली.

मग एका शनिवारी सकाळी दीर धापा टाकत दुकानात आला. ज्याच्या नावाने भलेभले वादक चळाचळा कापत, त्या समीक्षकाने अर्धं पान लिहिलं होतं. मालकांनी हातातलं गिऱ्हाईक थांबवून तिला बाहेर बोलावलं. तिचे हात भिंगांच्या पांढऱ्या पॉलिशने बरबटलेले, म्हणून दीरच वाचू लागला.

दुसऱ्या रचनेत ती सूर सोडते आणि रिकामी जागा भरायला धावत नाही, असं त्याने लिहिलं होतं. तिसरीतलं एक वळण त्याने अकरा वेळा मागे नेऊन ऐकलं होतं. तिच्या कानशिलांना ऊब चढली. तेवढ्यात दीर अडखळला आणि एक ओळ गाळून पुढे सरकला.

"भाऊजी, गाळू नका. वाचा."

"पाचवी रचना घाईत उरकली आहे," त्याने चाचरत वाचलं. "गिटार बासला मागे टाकून पळते."

मालक चष्मा पुसत बसले. तिला मात्र हसू आवरेना.

"अगदी बरोबर आहे. सभागृह चारला सोडायचं होतं, म्हणून मी पळाले. भाऊजी, याने खरंच ऐकलंय हो!"

दुपारपर्यंत रेडिओवरून फोन आला: पुढच्या रविवारी तिघांनी थेट वाजवायला यावं. तिने हात न धुताच होकार दिला, आणि फोन पांढरा झाला. तिने सुट्टी मागायच्या आधीच मालकांनी ती देऊन टाकली.

संध्याकाळपर्यंत ती आणि दीर पाचवीच वाजवत बसले, दर खेपेला आणखी सावकाश. नवव्या खेपेला दीर थांबला, बोटं चोळत म्हणाला,

"वहिनी, आता मला श्वास घ्यायला जागा मिळाली."

तिने लगेच दहाव्यांदा सुरुवात केली.