मंगलीचे पाय

देवरीच्या जंगलात चाळीस उन्हाळे तेंदूपत्ता तोडलेली मंगली गोंदियात लेकाकडं, दुसऱ्या मजल्यावर राहायला आली आणि सहाच महिन्यांत जिन्यावर घसरली. हाड मोडलं नाही, पण धर्मेंद्र घाबरला. तेव्हापासून तो नि सून कामावर जाताना बाहेरून कुलूप लावू लागले.

"काऊन कोंडून राहिला मले?"

"माय, तू पडशील म्हणून."

त्याची माया खरी होती, म्हणून तिला धड भांडताही येईना.

नात दिव्या नर्सिंग शिकत होती. तिच्या कॉलेजात व्यायामावर एक अभ्यास निघाला. विशीतली काही माणसं हवी होती, काही साठीच्या पुढची. दिव्यानं आपलं नाव दिलं, आजीचंही दिलं. आठवड्यातून तीनदा मंगली तिच्यासोबत घराबाहेर पडू लागली.

जागच्या जागी चालणाऱ्या सायकलवर ती बसायची, शेजारच्या सायकलवर दिव्या. पहिल्या दिवशी आधी रक्त काढलं, नंतरही काढलं.

"रक्तात काय शोधून राहिल्या जी तुमी?" तिनं अभ्यास घेणाऱ्या प्रेरणा मॅडमला विचारलं.

"स्नायू राबले की रक्तात संप्रेरकं सोडतात, आजी. हाडांना, मेंदूला धाडलेला निरोपच म्हणा. तरुणांत किती नि वय झालेल्यांत किती, ते बघतोय."

दोन महिन्यांनी अभ्यास संपला, पुन्हा रक्त काढलं आणि कागद हाती आला. दिव्याचा संप्रेरकांचा आकडा चांगला चढला होता. मंगलीचा त्याहून कमी, पण चढला होता.

"एकट्या तुमच्यावरून सगळ्यांचं सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या, "पण तुमचे स्नायू अजून बोलतात बरं."

घरी येऊन मंगलीनं तो कागद लेकापुढं धरला. "पाह्य. माह्ये पाय मजबूत हायेत. आता किल्ली दे."

धर्मेंद्रचे डोळे भरून आले. रविवारी तो तसलीच सायकल घेऊन आला आणि खिडकीच्या जाळीपाशी मांडली.

"आता तुले खाली उतराचं कामच नाही, माय."

"मले सायकल नाही पाहिजे. मले चालाचं हाय."

"मंग हेच चालव ना," तो हसून म्हणाला.

सोमवारी नऊला दार लागलं. दुपारपर्यंत मंगली सायकलकडं पाठ करून बसली. मग पायांना राहवेना. उठली, सायकलवर बसली, अर्धा तास रेटली. घाम आला, मांड्या तापल्या. आता ती दोन कोस सहज चालली असती, पण खोली आठ पावलांची. सायकलवरून उतरून तिनं दार ओढून पाहिलं, आणि दिव्या कॉलेजात आहे हे ठाऊक असूनही तिच्या नावानं हाका मारू लागली.